मुलांचे ऑनलाइन गेम : आधी झोपेचा हिशोब मांडा

परीक्षा तोंडावर आल्या की माझ्याकडे एक मागणी हमखास वाढते. "डॉक्टर, ह्याला बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या, अभ्यासात लक्षच नाही." कुणी सांगतं मुलगा सारखा चिडतो, कुणी सांगतं सकाळी उठला की डोकं दुखतं. काहींच्या पोटात नेमकी शाळेच्या वेळेला कळ येते आणि सुट्टीच्या दिवशी येत नाही. तोवर चष्म्याचा नंबर तपासून झालेला असतो, जंताचं औषध देऊन झालेलं असतं, रक्ताचे रिपोर्ट पिशवीत असतात आणि ते बहुतेक वेळा चांगले असतात.

अशा वेळी मी विचारतो, "रात्री झोपतो किती वाजता?" पालक सांगतात, "दहाला अंथरुणात असतो." मूल मात्र खाली मान घालतं. दहाला अंथरुणात हे खरं असतं, पण हातात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये गेम चालू असतो.

ऑनलाइन गेमबद्दल आपल्याकडे दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक, "तो मोबाईल फोडून टाका." दुसरं, "आजकाल सगळीच मुलं खेळतात, मोठा झाला की आपोआप सुटेल." मला दोन्ही पटत नाहीत. गेम मुलाचं किती नुकसान करतो हे ठरतं तो मुलाच्या दिवसातून काय काढून घेतो यावर. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो सगळ्यात आधी झोप काढून घेतो. म्हणून उपायही तिथूनच सुरू करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पावणेपाच तासांची झोप

नववीतल्या एका मुलाचं उदाहरण सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). तक्रार होती डोकेदुखीची आणि घसरलेल्या मार्कांची. आईवडील मेंदूचा स्कॅन करायच्या तयारीने आले होते. तपासणीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. आईला थोडा वेळ बाहेर बसवून मुलाशी बोललो. शाळा, मग क्लास, साडेआठला घरी, जेवण, गृहपाठ. त्याचे मित्रही साडेदहा-अकराला मोकळे होत. मग चौघांची टीम जमायची आणि खेळ दीडपर्यंत चालायचा. सकाळी सव्वासहाला उठून शाळेची बस. म्हणजे झोप झाली पावणेपाच तास.

"एखाद्या दिवशी लवकर का नाही झोपत?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "मी गेलो तर ते माझ्या जागी दुसरा घेतील."

हे उत्तर पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपल्याला दिसतो तो मोबाईल. मुलाला तिथे दिसतात त्याचे मित्र. मोबाईल हिसकावून घेताना आपण त्याची संध्याकाळची टोळी हिसकावून घेत असतो आणि त्या बदल्यात त्याला काहीच देत नसतो.

गेम सुटत का नाही?

आपण लहानपणी क्रिकेट खेळायचो, गोट्या खेळायचो. आपल्यालाही ते सोडवत नव्हतं. पण अंधार पडायचा, चेंडू कुणाच्या तरी गच्चीवर जायचा, घरून हाक यायची. खेळ बाहेरून थांबायचा. ऑनलाइन गेमला अंधार पडत नाही. एक मॅच संपली की दुसरी काही सेकंदांत तयार असते.

शिवाय हे गेम मूल परत परत यावं अशाच बेताने बनवलेले असतात. रोज हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटते. ठरावीक आठवड्यांनी नवा हंगाम सुरू होतो आणि मिळवलेली रँक खाली येते. पेटी उघडली की आत काय निघेल हे आधी कळत नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसेल तर माणूस तीच कृती अधिक चिकाटीने करत राहतो, हे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं होतं. जुगार चालतो तो याच तत्त्वावर.

मेंदूत काय होतं तेही थोडं समजून घेऊ. एखादी गोष्ट हवीहवीशी वाटणं, ती मिळवण्यासाठी धडपडणं, यात डोपामिन या रसायनाचा मोठा वाटा असतो. व्हिडिओ गेम खेळताना मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवतं, हे १९९८ सालीच एका स्कॅन-अभ्यासात दिसलं होतं. याचा अर्थ गेम म्हणजे अफू असा नाही. आवडीचं जेवण आणि शाबासकी यांमुळेही ही यंत्रणा जागी होते. अडचण वेगळी आहे. "आता पुरे" म्हणणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत असतो. म्हणजे गाडीचा ॲक्सिलरेटर तयार आहे आणि ब्रेक अजून बसवायचे आहेत, अशा वयात आपण मुलाच्या हातात हे खेळणं देतो. तेव्हा "त्याला मनावर ताबाच नाही" असं म्हणून सगळा दोष मुलाच्या माथी मारणं मला योग्य वाटत नाही.

अभ्यासावर परिणाम कसा होतो?

परिणाम दोन वाटांनी होतो. पहिली वाट वेळेची. अमेरिकेत २०१० साली एक छान अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात व्हिडिओ गेम नसलेली ६ ते ९ वर्षांची मुलं घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला गेमचं यंत्र लगेच दिलं, दुसऱ्याला ४ महिन्यांनंतर. चार महिन्यांनी पाहिलं तर ज्यांना आधी गेम मिळाला होता त्यांचे वाचन-लेखनाचे गुण दुसऱ्या गटापेक्षा कमी होते आणि शिक्षकांच्या तक्रारी जास्त होत्या. शाळेनंतर अभ्यासाला दिलेला वेळ गेमकडे वळला होता. अभ्यास लहान होता आणि तोही मोबाईलच्या आधीच्या काळातला. तरी त्याचा मुद्दा आपल्या घरात रोज दिसतो. दिवसाचे तास चोवीसच आहेत. गेमला दिलेला तास कुठून तरी कापला जातोच.

दुसरी वाट झोपेची. वर्गात ऐकलेला धडा, सोडवलेलं गणित, पाठ केलेली कविता, हे सगळं मेंदू रात्री झोपेत पक्कं करतो. दिवसभराची आवक रात्री गोदामात नीट लावली जावी, तसं. झोपच कापली तर माल दारातच पडून राहतो. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याऐवजी पाच-सहा तास झोपणारं मूल सकाळी वर्गात बसलेलं असतं, पण शिकत नसतं. मग संध्याकाळी क्लास लावून ती तूट भरायचा प्रयत्न होतो. क्लासमुळे घरी यायला उशीर, म्हणून खेळ उशिरा, म्हणून झोप आणखी उशिरा. हे चक्र मी अनेक घरांत पाहतो.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत, असा आदेश काढला. मुलांची झोप पूर्ण होत नाही, हेच त्यामागचं कारण होतं. शाळेची बस, दोन पाळ्या अशा अडचणींवरून त्यावर बरीच चर्चा झाली. पण शासन फार तर सकाळचं टोक पुढे नेऊ शकतं. रात्रीचं टोक आपल्याच घरात आहे.

वागणं का बदलतं?

"पूर्वी इतका शांत होता, आता अंगावर येतो." ही तक्रार खरी असते. तिची कारणं मात्र नीट वेगळी करायला हवीत.

पहिलं कारण पुन्हा अपुरी झोप. रात्री रडणाऱ्या तान्ह्या बाळाच्या आईवडिलांना विचारा, झोप मोडली की स्वभाव कसा होतो! मुलांमध्ये झोप कमी पडल्याची खूण जांभया कमी आणि चिडचिड जास्त अशी असते.

दुसरं कारण खेळ मधेच तोडणं. जिंकत आलेली मॅच अर्धवट बंद केली की मूल भडकतं. शेवटच्या षटकात टीव्ही बंद केला तर वडील काय करतात, ते आठवून पाहा.

तिसरा मुद्दा मारधाडीच्या गेमचा. असे गेम खेळून मुलं गुन्हेगार होतात का? पुरावा तसं म्हणत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली हाच निष्कर्ष मांडला. आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. मला स्वतःला गेममधल्या बंदुकीपेक्षा हेडफोनमधून ऐकू येणाऱ्या भाषेची जास्त काळजी वाटते. सहावीतलं मूल रात्री अनोळखी मोठ्या माणसांशी बोलत असतं आणि त्यांच्या शिव्या शिकत असतं.

चौथा मुद्दा पैशांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली, हे चांगलं झालं. पण गेममधल्या पात्राचे पोशाख, बंदुकीची सजावट विकत घेण्याची वाट मोकळीच आहे. वडिलांचा यूपीआय पिन मुलाला पाठ असणं ही आता नेहमीची गोष्ट झाली आहे. पैसे गेले की खोटं बोलणं सुरू होतं आणि एका खोट्यामागून दुसरं येतं.

याला व्यसन म्हणायचं का?

प्रत्येक खेळणाऱ्या मुलाला "व्यसनी" म्हणू नका. शब्द जड आहे आणि मूल तो विसरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार घेतला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्याच्या तीन खुणा आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम महत्त्वाचा होतो. नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं. यामुळे शिक्षण, घर, मैत्री यांचं ठळक नुकसान व्हायला हवं आणि हे साधारण १२ महिने चाललेलं असायला हवं. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा आजार होतो, हेही संघटनेने सांगितलं आहे.

जी मुलं खरोखर अडकतात त्यांच्याबाबत एक गोष्ट आवर्जून तपासावी. मूल कशापासून पळून गेममध्ये शिरलं आहे? वाचताना अक्षरं अडखळणं, एका जागी लक्ष न टिकणं, उदासपणा, शाळेत होणारी चिडवाचिडवी, घरातली भांडणं, यांपैकी काही आधीपासून होतं का? वर्गात रोज हरणाऱ्या मुलाला गेममध्ये पहिल्यांदा जिंकायला मिळतं. त्याचा मोबाईल काढून घेतला तर तो वाचायला शिकत नाही. त्याची जिंकायची एकमेव जागा तेवढी जाते.

बंदीने काय होतं?

केंद्र सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाईलवर बंदी घातली. कारण माहितीच्या सुरक्षिततेचं होतं, मुलांच्या आरोग्याचं नव्हतं. पुढच्याच वर्षी तोच खेळ भारतासाठी वेगळ्या नावाने परत आला आणि मधल्या काळात मुलं दुसऱ्या गेमकडे वळली होती. दक्षिण कोरियाने २०११ साली १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते सकाळी ६ ऑनलाइन गेम बंद केले. तो नियम संगणकावरच्या खेळांना होता. मुलं मोबाईलवर गेली आणि २०२१ मध्ये सरकारने तो नियम रद्द करायचं ठरवलं. चीनने २०२१ मध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच वेळ ठेवली.

सरकारी नियमांना माझा विरोध नाही, पैशांच्या खेळांवर तर ते हवेतच. पण घरातल्या घड्याळाचं काम दिल्लीहून होणार नाही.

मग घरी काय करायचं?

१. आठ दिवस फक्त नोंद करा. मूल कधी झोपलं, कधी उठलं, किती खेळलं, मैदानावर किती वेळ गेलं. ओरडायचं नाही. वही मुलालाच लिहू द्या. आकडे त्याच्याच अक्षरात समोर आले की वाद कमी होतो.

२. झोपेच्या एक तास आधी घरातले सगळे मोबाईल एका ठिकाणी चार्जिंगला. सगळे म्हणजे बाबांचा आणि आईचाही. घर एका खोलीचं असेल तर कपाटात ठेवा, किल्ली मोठ्यांकडे. "गजरासाठी मोबाईल लागतो" ही सबब येईलच. साधं गजराचं घड्याळ आणा.

३. खेळ रात्रीतून संध्याकाळी आणा. सरसकट बंद करण्यापेक्षा वेळ हलवणं सोपं जातं. मित्रांच्या पालकांशी बोला. चौघांच्या घरी एकच वेळ ठरली तर कुणाचीच जागा जात नाही. नववीच्या त्या मुलाच्या बाबतीत हेच केलं. तीन आठवड्यांत सकाळची डोकेदुखी थांबली. मार्क सावकाश वाढले. गेम तो अजूनही खेळतो.

४. मिनिटांपेक्षा मॅच मोजा. काही गेमची एक मॅच अर्ध्या तासाच्या आसपास चालते. "दोन मॅच, मग जेवण" असं आधी ठरवा. ठरलेली मॅच संपली की मात्र तिसरी नाही.

५. मैदानाचा वेळ आधी, गेम नंतर. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम येईल अशी हालचाल हवी. उजेडात खेळल्याने चष्म्याचा नंबर लागण्याचा धोकाही कमी होतो.

६. पैशांचं दार बंद करा. यूपीआय पिन बदला, ॲप स्टोअरमधली खरेदी पासवर्डशिवाय होणार नाही असं सेटिंग करा. आजी-आजोबांचा मोबाईल विसरू नका.

७. एकदा शेजारी बसून खेळ बघा. कोणता गेम, सोबत कोण, काय बोलतात, हे त्याशिवाय कळत नाही. ज्याला आपला खेळ कळतो त्याने घातलेली मर्यादा मूल लवकर मानतं.

पहिला आठवडा ते दहा दिवस कठीण जातील. चिडचिड, रडारड, अबोला होईल. बहुतेक पालक चौथ्या दिवशी कंटाळून मोबाईल परत देतात आणि मुलाला कळतं की पुरेसा आरडाओरडा केला की नियम मोडतो. म्हणून नियम थोडे करा, पण पाळा. तापात ज्याप्रमाणे औषधाचा कोर्स पुरा करायचा, त्याप्रमाणे हेही पुरं करायचं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

शाळेत जाणंच बंद झालं, जेवण-अंघोळ सुटली, घरातून पैसे जाऊ लागले, मूल मारहाण करू लागलं, किंवा महिनाभर प्रयत्न करूनही झोप जागेवर आली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून मोबाईल-गेमच्या समस्यांसाठी वेगळं क्लिनिक चालतं. "मोबाईल घेतलात तर जीव देईन" असं मूल म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्या क्षणी ओढाताण थांबवा, मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मिळते, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.

राहिला प्रश्न टॉनिकचा. रात्रीची झोप भरून काढणारं औषध अजून निघालेलं नाही आणि बाटलीत मिळणाऱ्या बुद्धीवर माझा विश्वास नाही. मुलाला पुरेशी झोप, संध्याकाळी मैदान आणि जेवताना घरातल्यांशी गप्पा मिळत असतील, तर त्यानंतर उरलेल्या वेळात तो तासभर गेम खेळला म्हणून मी घाबरणार नाही. या तीन गोष्टी मिळत नसतील, तर मोबाईल घरात नसला तरी मला त्या मुलाची काळजी वाटेल.